चाकांना वजनाची जोड

अनंत चतुर्दशीच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर जाणाऱ्याचे लक्ष मूर्तींकडे असते. पायाखाली पाहण्यास त्या गर्दीत कोणालाच सवड नसते. तथापि क्षणभर खाली पाहिले, तर वाळूवर एकापुढे एक अंथरलेल्या जाड पोलादी प्लेटांची वाट समुद्राच्या दिशेने गेलेली दिसते. विसर्जनापूर्वी महानगरपालिका गिरगाव, दादर, जुहू येथील चौपाट्यांवर अशा प्लेटा घालून घेते. मूर्ती वाहून आणणारी गाडी लालबाग-परळपासून डांबरी रस्त्याने निर्वेध येते, आणि वाळूत शिरताच तिची चाके जागच्या जागी फिरू लागतात किंवा रुतून बसतात. इंजिनाची शक्ती तेवढ्यात कमी झालेली नसते. बदललेली असते ती चाकाखालची जमीन.

हाच अनुभव शेतकऱ्याला आपल्या रानात येतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर व त्यांची उपसाधने पुरविण्याची योजना सुरू केली. साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. द्राक्ष, डाळिंब, आंबा यांच्या बागांतूनही दोन ओळींमधून सहज फिरणारा छोटा ट्रॅक्टर रूढ झाला. मोठ्या ट्रॅक्टरच्या मानाने तो स्वस्त, आटोपशीर आणि हलका. हा हलकेपणाच पुढे त्याची अडचण होऊन बसतो. नांगर जरा खोल गेला की मागची चाके घसरू लागतात, टायरच्या दातऱ्यांतून माती उडते, डिझेल जळत राहते आणि ट्रॅक्टर हातभरही पुढे सरकत नाही. मग कोणीतरी सुचवितो, 'दोन माणसे मडगार्डवर बसवा.' पुष्कळ ठिकाणी तसे केलेही जाते. हा उपाय किती महागात पडू शकतो, आणि त्याऐवजी थोड्या खर्चात, गावातच करता येण्याजोगा सुरक्षित उपाय कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पकड कशावर अवलंबून असते?

इंजिन चाक फिरविते. परंतु गाडी पुढे जाते ती चाकाने जमिनीला धरल्यामुळे. ही पकड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. फिरणाऱ्या चाकांवर किती भार आहे ही एक, आणि चाकाखालची जमीन तो भार पेलून धरते की नाही ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट बहुतेकांच्या चटकन लक्षात येते. दुसरी विसरली जाते, आणि घोटाळे होतात ते तिथेच.

पहिल्या गोष्टीचे उत्तम शिक्षण परळच्या रेल्वे कारखान्यात मिळते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८७९ साली सुरू केलेल्या या कारखान्यात कामगारांच्या अनेक पिढ्या इंजिनांवर काम करीत आल्या. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, दोन्ही पोलादाची. तरीही इंजिन शेकडो टन ओढते, ते आपल्या वजनाच्या बळावर. इंजिनाच्या एकूण वजनापैकी जेवढा भार फिरणाऱ्या चाकांवर येतो, तेवढाच ओढण्याच्या कामी उपयोगी पडतो. नुसत्या आधाराच्या चाकांवरील भार त्या दृष्टीने वाया गेलेला असतो. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर वीस फुटांमागे एक फूट असा तीव्र चढ आहे. तेथील चिमुकल्या इंजिनाला प्रत्येक किलो वजन फिरत्या चाकांवरच हवे असते. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक घसरू लागले, तर चालक चाकापुढे चिमूटभर वाळू सोडतो. तीच वाळू गिरगावला चाक गिळते आणि घाटात चाकाला आधार देते, ही गंमत सहज लक्षात ठेवण्याजोगी आहे. कठीण रुळावरील चार कणांनी खरखरीतपणा वाढतो; चौपाटीवर मात्र खाली कठीण असे काहीच नसते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाफेच्या जुन्या इंजिनाच्या मोठ्या चाकात चंद्रकोरीच्या आकाराचा लोखंडी गोळा दिसतो. मोटारीच्या चाकाच्या कडेलाही टायरवाला बोटाएवढी लहान वजने ठोकून देतो. ही दोन्ही वजने चाकाचा तोल साधण्यासाठी, म्हणजे ते फिरताना हादरू नये यासाठी असतात. पकड वाढविण्याशी त्यांचा संबंध नाही. ट्रॅक्टरच्या चाकाची वजने निराळी. ती केवळ जड असावयाची, आणि दोन्ही बाजूंना सारखी.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे जमिनीच्या सहनशक्तीचा धडा चौपाटीच देते. वाळूत रुतलेल्या गाडीवर आणखी वजन ठेवले तर ती आणखी रुतते. म्हणूनच तेथे वजन न वाढविता प्लेटा घातल्या जातात. भार तेवढाच राहतो, पण मोठ्या क्षेत्रावर पसरतो. कोकणात भाताच्या चिखलणीला पॉवर टिलरच्या रबरी चाकांऐवजी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, त्यामागील तत्त्वही काहीसे असेच आहे. चिखलाला जड चाक नको असते, रुंद चाक हवे असते. तेव्हा वजने लावावयाची ती वापसा आलेल्या, पाय न रुतणाऱ्या जमिनीत. भेगाळलेल्या पण आतून ओल्या असलेल्या काळ्या रानात वजने लावून ट्रॅक्टर घालणे म्हणजे पिकाच्या मुळांखाली दगडासारखा थर तयार करणे होय. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या हंगामात दिसतो.

माणूस हे वजन नव्हे

औजारावर वजन ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. कुळव खोल लागावा म्हणून त्यावर दगड ठेवीत. मैंद फिरविताना शेतकरी स्वतःच तिच्या फळीवर उभा राही, आणि कधी घरातले पोरही हौसेने बसे. बैलांची चाल माणसाच्या चालीची. फळीवरून कोणी घसरला तर बैल हाकेसरशी थांबत. त्या सवयीतूनच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, नांगराच्या चौकटीवर किंवा रोटाव्हेटरच्या झाकणावर माणूस बसविण्याची रीत आली असावी. ट्रॅक्टर मात्र हाकेसरशी थांबत नाही. मडगार्डवरून तोल गेलेला माणूस पडतो तो मागच्या चाकापुढे किंवा मागील औजारात, आणि चालकाची दृष्टी तर समोर असते. १९८९ सालच्या रस्तेविषयक नियमांतच चालकाने ट्रॅक्टरवर अन्य कोणालाही बसवू नये, असे स्पष्ट सांगितले होते. शेतात नियम विचारणारे कोणी नसते, एवढाच काय तो फरक. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या एका गोष्टीकडे लक्ष पुरविले, तर पुष्कळ काही साधेल. कारण वजन म्हणून बसविला जातो तो बहुधा घरातला सर्वांत हलका, म्हणजे शाळकरी मुलगा असतो, आणि वजन म्हणून तर तो मुळीच उपयोगी नसतो.

दुसरा धोका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा. चाके रुतली असता ओंडका किंवा अडकलेली गाडी ओढण्यासाठी साखळी मागच्या आसाच्या वर बांधली, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर क्षणार्धात चालकाच्या अंगावर येतो. मागच्या चाकांना वजने लावली की पकड वाढते, ओढ वाढते, आणि अशा वेळी हा धोकाही वाढतो. साखळी नेहमी ओढदांड्यालाच, म्हणजे आसाच्या खाली बांधावी. मागे जड औजार असेल तर पुढेही वजन द्यावे. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या एकूण भाराचा पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे. एरवी सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर वळत नाही.

उंचीवरच्या भाराचे भय लालबागला चांगले ठाऊक आहे. गणेश गल्लीच्या मंडळाने १९७७ साली २२ फुटी मूर्ती बसविली आणि उंच मूर्तींची परंपरा रुजली. एवढी उंच मूर्ती गर्दीतून, खाचखळग्यांतून नेता येते, याचे कारण तिच्याखालच्या ट्रॉलीची लोखंडी चौकट जड आणि जमिनीलगत असते. चाकात बसविलेले वजनही असेच खाली राहते. मडगार्डवर बसलेला माणूस मात्र ट्रॅक्टरचा भारमध्य वर नेतो. बांधावर किंवा उतारावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

वजन कशाचे करावे?

कारखान्यातून येणारी वजने बिडाची असतात. बीड स्वस्त, ओतण्यास सोपे आणि जड. एका घनमीटरला सुमारे ७,२०० किलो. मुंबईला या धातूची ओळख ट्रॅक्टरमुळे झालेली नाही, ती गिरण्यांमुळे झाली. जुन्या साच्यावर, म्हणजे मागावर, ताण्याचे सूत योग्य ताणात राहावे म्हणून तुळईच्या रुळाला साखळी वेढून तिच्या तरफेवर बिडाची वजने टांगलेली असत. सूत उलगडत जाऊन रूळ बारीक होई, तसतसे विणकर ही वजने कमी करी किंवा सरकवी. कापडाची प्रत त्याच्या या अंदाजावर ठरे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांची यंत्रे टप्प्याटप्प्याने भंगारात निघाली. गिरणीतला जोडारी आणि कातारी गावी परतला, तो हातातली कला घेऊन. कोकणात आणि घाटावर आज जी लहान वर्कशॉपे दिसतात, त्यांपैकी काहींच्या मालकाने किंवा मालकाच्या वडिलांनी पहिला धडा परळ-भायखळ्यालाच गिरवलेला आढळतो.

जुने बीड मिळाले तर त्याच्या चकत्या थेट वापरता येतात. यंत्राचे जाड कडे, पट्ट्याची निकामी पुली, व्यायामशाळेतील भोकाच्या लोखंडी चकत्या, यांपैकी काहीही चालते. अमेरिकेत घराभोवतीचे गवत कापण्याकरिता व बर्फ सारण्याकरिता छोटे ट्रॅक्टर घरोघर वापरतात. तेथील हौशी लोक व्यायामाच्या चकत्या चाकाला लावण्याची युक्ती वर्षानुवर्षे वापरीत आले आहेत. नवे ओतून घ्यावयाचे असल्यास कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ करावे. नट, बोल्ट, वायसर आणि हत्यारे यांसाठी मुंबईतील नागदेवी गल्ली प्रसिद्ध आहे, तर जहाजांचे जुने लोखंड पाहावयाचे असेल तर दारूखाना. गावी जाणारा मुंबईकर चाकरमानी अशा वस्तू पिशवीत घालून नेऊ शकतो. मात्र बिडाचे ३० किलोचे कडे पिशवीत मावत नाही. म्हणून खेड्यात उत्तम ते सिमेंट.

पाणी हा त्याहूनही स्वस्त उपाय. रस्ते दाबणाऱ्या रोलरची पोकळ चाके पाण्याने किंवा वाळूने भरून त्याचे वजन वाढवितात, हे बांधकाम खात्यातील कोणीही सांगेल. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्येही पाणी भरता येते. व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक उभे करून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरावे आणि वरच्या जागेत हवा. पूर्ण भरू नये, कारण उरलेली हवाच धक्के सोसते. एक लिटर म्हणजे एक किलो हा हिशेब सोपा आहे. बादल्या मोजल्या की वजन कळले. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावे लागतात, आपल्याला ती चिंता नाही. अडचण येते ती पंक्चर झाल्यावर. शिवाय हंगामापुरते वजन लावून नंतर काढणे पाण्याच्या बाबतीत कटकटीचे असते. सिमेंटची चकती चार बोल्ट सोडले की निघते.

सिमेंटची चकती

दादरच्या शिवाजी पार्कवर खेळपट्टी दाबणारे रोलर ज्याने पाहिले आहेत, त्याला काँक्रीटच्या वजनाची कल्पना निराळी सांगावयास नको. काँक्रीटचा घनमीटर सुमारे २,४०० किलोचा. म्हणजे बिडाच्या एक-तृतीयांश. ४० सेंटिमीटर व्यासाची, १० सेंटिमीटर जाडीची आणि मधोमध १२ सेंटिमीटरचे भोक असलेली चकती साधारण २७ किलोची होते. हीच चकती बिडाची असती तर ८२ किलो भरली असती. आतल्या सळया व लोखंडाचे तुकडे धरून सिमेंटच्या चकतीचे वजन ३० किलोपर्यंत नेता येते.

प्रथम चाक मोजावे. चकती चाकाच्या खोलगट बाजूत बसली पाहिजे; टायरच्या बाहेर ती डोकावता कामा नये, नाहीतर बागेत ती झाडाचे खोड सोलेल. व्हॉल्व्ह मोकळा राहिला पाहिजे. मधले भोक आसाच्या तुंब्यापेक्षा सैल हवे. वजन लावण्यासाठी कारखान्याने चाकाच्या तबकडीत बहुधा भोके ठेवलेली असतात, त्यांचीच जागा कागदावर आखून घ्यावी. चाक ज्या नटांनी आसाला धरलेले आहे, त्या नटांवर वजन टांगू नये. कडेच्या रिमला नवी भोके पाडू नयेत. आणि टायर चढविलेला असताना रिमवर वेल्डिंग तर कदापि करू नये. आतील हवा व रबर तापून टायर बॉम्बसारखा फुटल्याचे प्रकार जगभर घडले आहेत. आजूबाजूच्या वेल्डरला ही गोष्ट ठाऊक असेल असे गृहीत धरू नये.

साचा म्हणून योग्य व्यासाची प्लॅस्टिकची टोपली, कापलेले पिंप किंवा पत्र्याची वळवलेली पट्टी चालते. तिला आतून जुने इंजिन ऑइल लावले की चकती सहज सुटते. मधल्या भोकासाठी आणि बोल्टांच्या जागी पाइपाचे तुकडे उभे करावेत. बोल्टाच्या भोकातील पाइप कायम राहू द्यावेत म्हणजे काँक्रीटचा कडा झिजत नाही. ८ मिलिमीटर सळईची दोन कडी आणि त्यांना बांधलेली जाळी मध्यभागी येईल अशी ठेवावी. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. शेतातल्या धक्क्यांनी चकतीला तडा गेला तरी तिचे तुकडे जाळीने धरून ठेवले पाहिजेत.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग बारीक खडी असे मिश्रण घ्यावे. दोन चकत्यांना नऊ-दहा किलो, म्हणजे पोत्याच्या पाचव्या भागाएवढे सिमेंट पुरते. पाणी सिमेंटच्या निम्म्या वजनाएवढेच. गवंडी कामाला सोपे जावे म्हणून जास्त ओततो, त्याला तेवढे सांगावे लागते. किनाऱ्यावरच्या गावांत चौपाटीची वाळू फुकट मिळते, पण ती घेऊ नये. तिच्यातील मीठ सळई गंजविते आणि चकती आतून फुगून फुटते. (चौपाटीची वाळू उपसणे हा गुन्हाही आहे, ते वेगळेच.) मिश्रण थराथराने घालून सळईने ठोकावे, म्हणजे पोकळी राहत नाही. दुसऱ्या दिवशी साचा काढून चकती निदान आठवडाभर, शक्य तर दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. काँक्रीटला पुरी ताकद येण्यास २८ दिवस लागतात. घाई करणाऱ्याला यापूर्वीच चकती चढविण्याचा मोह होतो. पहिल्याच बांधावर त्याचे फळ मिळते.

दोन्ही चकत्या धान्य व्यापाऱ्याच्या काट्यावर तोलून पाहाव्यात. किलोभराचा फरक चालेल, त्याहून अधिक नको. एक बाजू जड झाली की ट्रॅक्टर नांगरटीत सरळ रेषेत चालत नाही. बोल्ट पोलादी व दमदार घ्यावेत, ज्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो तसे. चकतीच्या बाहेरच्या बाजूस पोलादी पट्टी किंवा मोठा वायसर द्यावा, नाहीतर नट आवळताना काँक्रीट चिरडते. स्प्रिंग वायसर आणि वर दुसरा नट आवश्यक. चकती चढविताना ट्रॅक्टर सपाट जमिनीवर, गिअरमध्ये आणि चाकांपुढे दगड लावून उभा असावा. ३० किलो वजन वाकून उचलणे हे एका माणसाचे काम नव्हे.

किती लावावे आणि केव्हा काढावे

याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. ट्रॅक्टरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत वजनाची कमाल मर्यादा दिलेली असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टरांची सरकारी चाचणी होते. तेथील अहवालातही वजनासह व वजनाविना ट्रॅक्टरने किती ओढ दिली, हे नोंदलेले असते. मर्यादेपलीकडे वजन लावले तर त्याचा भार आस, गिअर आणि क्लच यांच्यावर पडतो, आणि दुरुस्तीचा खर्च वाचविलेल्या डिझेलपेक्षा कितीतरी अधिक येतो. १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर साधारण पाऊण टनाचा. त्याला दोन्ही चाकांत मिळून ६० किलो जोडले, तर घट्ट जमिनीत ओढ पंचवीस-तीस किलोंनी वाढते. ऐकताना हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु घसरण्याच्या सीमेवर असलेल्या चाकाला तेवढाच आधार पुरतो.

घसर मोजण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती शाळेच्या गणिताच्या तासाला शेतावर नेऊन दाखवावी इतकी चांगली आहे. मागच्या टायरवर खडूने रेघ ओढावी. औजार उचलून ट्रॅक्टर चालवावा आणि चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर कापले ते मोजावे. समजा ते ३० मीटर भरले. मग औजार जमिनीत घालून त्याच रानात पुन्हा दहा फेरे मोजावेत. आता अंतर साडेपंचवीस मीटर आले, तर साडेचार मीटर घसरीत गेले. ३० मध्ये साडेचार म्हणजे १५ टक्के. घसर १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर काही करू नये. त्याहून जास्त असेल तर वजन वाढवावे. पाच टक्क्यांहूनही कमी असेल तर ट्रॅक्टर विनाकारण जड झाला आहे; वजन उतरवावे. घसर मुळीच नसणे हे चांगले लक्षण आहे असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. थोडी घसर ही यंत्राची सुरक्षा-झडपच असते.

सर्व कामांना वजन लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. रोटाव्हेटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला मागे ओढीत नाहीत, उलट पुढे ढकलतात. तेथे चाकांना वजन लावणे म्हणजे केवळ जमीन दाबणे. फवारणीच्या वेळी बागेत ओल असते आणि त्याच ओळीतून ट्रॅक्टर हंगामात अनेक वेळा फिरतो. तेव्हाही वजने काढूनच ठेवावीत. नांगरट, खोल कुळवणी, चढावरून भरलेली ट्रॉली ओढणे, एवढ्यापुरतीच ती चढवावीत. चढावर ओढलेली ट्रॉली उतरावर मागून रेटते, हे लक्षात ठेवून ट्रॉलीचे ब्रेक आधी पाहावेत. वजनाने पकड वाढते, ब्रेक सुधारत नाहीत.

पहिल्या दिवशी तासाभराच्या कामानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा, आणि त्यानंतर तेल-पाणी पाहताना रोज हात लावून पाहावा. चकतीला रंग देताना बोल्टाच्या नटावरून चकतीवर अशी एक आडवी रेघ ओढून ठेवावी. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. चकतीचे वजन आणि ती ओतल्याची तारीख ओल्या सिमेंटवरच खिळ्याने कोरावी. हंगामानंतर चकत्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवण्याची सवय असते. त्या आडव्या ठेवाव्यात, कारण तेथे मुले खेळतात.